पाणी बदललं की मासे आणि श्रिंप मरतात: घड्याळ बघून कारण शोधा

मासे पाळणाऱ्या शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींकडून एक तक्रार सारखी येते. टाकीत गप्पी, मोली, एखादी एंजलची जोडी, कोपऱ्यातल्या मॉसमध्ये चेरी श्रिंप (टाकीत पाळायची छोटी लाल कोळंबी) आणि काचेवर गोगलगायी. पंधरा दिवस सगळं छान चालतं. मग रविवारी टाकी साफ केली, पाणी बदललं आणि मासे मेले. नवीन आणले, पुढच्या साफसफाईनंतर तेही गेले. दुकानात विचारलं तर 'मासाच कमजोर होता' नाहीतर 'निळं औषध टाक'. घरात मात्र 'तुला जमत नाही, बंद कर हे सगळं' सुरू होतं.

बंद करू नका. पाणी बदलल्यावर जीव जाण्याची पाच-सहा वेगवेगळी कारणं आहेत. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि एका कारणाचा उपाय दुसऱ्यावर केला तर नुकसान वाढतं. पण ही कारणं वेळेवरून ओळखता येतात. नवीन पाणी घातल्यापासून किती वेळाने पहिला जीव गेला, आणि तो मासा होता, श्रिंप होता की गोगलगाय, एवढं नीट लक्षात ठेवलं तर हातात टेस्ट किट नसतानाही बहुतेक वेळा कारणापर्यंत पोचता येतं. किट असेल तर उत्तमच. अमोनियाची द्रव टेस्ट आणि पीएचची (पाणी किती आम्ल आहे ते सांगणाऱ्या आकड्याची; ७ च्या खाली आम्ल) टेस्ट या दोन गोष्टी पुढच्या महागड्या माशाआधी घ्या.

आत्ता या क्षणी मासे तडफडत असतील तर

एअर पंप पूर्ण क्षमतेने चालू करा. खाणं बंद. निळं, पिवळं कुठलंही औषध टाकू नका. नळाचं पाणी थेट घातलं असेल तर लगेच हायपो टाका. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, माशांच्या दुकानात अँटिक्लोरीन म्हणूनही मिळतात. १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा आणि त्यातलं १ मिलिलिटर दर १० लिटरला वापरा. क्लोरीन काही क्षणांत मारला जातो. घाबरून टाकीतलं उरलेलं पाणीही काढून पुन्हा नळाखाली धरू नका. या घाईतच सगळ्यात जास्त मासे जातात.

आता घड्याळाकडे.

पहिल्या अर्ध्या तासात

पाणी घालताच मासे सैरावैरा पळतात, काचेवर आपटतात, मग वर येऊन तोंड उघडमीट करतात, कल्ले जोरात हलतात. याची सोपी दोन कारणं आहेत आणि एक अवघड.

पहिलं सोपं कारण क्लोरीन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. माणसाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण माशाच्या कल्ल्यांना त्याहून कमी क्लोरीनही भाजतो. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ होतं तेव्हा डोस वाढवला जातो, म्हणून 'वर्षभर नळाचं पाणी चाललं आणि जुलैतच मासे कसे गेले?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक इथेच असतं. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलूच नका. एरवी बादलीत किंवा पिंपात उघडं ठेवून, त्यात एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून, २४ तासांनी वापरा. वेळ नसेल तर हायपो आहेच.

दुसरं सोपं कारण तापमान. डिसेंबरच्या सकाळी नाशिक-पुण्यात नळाचं पाणी टाकीपेक्षा सहा-आठ अंशांनी थंड असू शकतं. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारं पाणी हाताला चटका देतं. मासा लगेच मेला नाही तरी थंड पाण्याच्या धक्क्यानंतर तीन-चार दिवसांत अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. पाणी टाकीशेजारीच रात्रभर ठेवलं की प्रश्न मिटतो. घाई असेल तर थोडं गरम पाणी मिसळा, पण तांब्याच्या बंबातलं किंवा हंड्यातलं पाणी मिसळू नका. का, ते श्रिंपच्या भागात येईल.

तिसरं कारण जुन्या टाकीचं, आणि त्यावर जरा थांबायला हवं, कारण ते जाणत्या लोकांनाही चकवतं.

जुनी टाकी, ताजं पाणी

ही टाकी सहा महिने, वर्षभर नीट चाललेली असते. पाणी आटलं की वरून भर घालायची, बदलायचं मात्र फारसं नाही. मग परीक्षा संपते, सुट्टी लागते आणि उत्साहाने निम्मं पाणी बदललं जातं. पाणी मुरवलेलं, क्लोरीन नाही, तापमान तेच. तरी अर्ध्या तासात मासे आडवे होतात.

टाकीतले जिवाणू माशांच्या विष्ठेतला आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया खातात. त्यातून आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट तयार होतं. हे होताना आम्ल तयार होतं, आणि ते मारायला पाण्यातले कार्बोनेट क्षार खर्ची पडतात. अमोनियातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन बदलायला सुमारे ७ मिलिग्रॅम क्षार लागतात. पाण्यात हे क्षार किती आहेत ते केएच नावाच्या टेस्टवर कळतं. मुंबई-पुण्याला येणारं धरणाचं पाणी आणि कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी मुळात मऊ, म्हणजे शिल्लक थोडी. देशावरच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी जड, तिथे हा त्रास क्वचितच होतो. मऊ पाण्याच्या टाकीत काही महिन्यांत केएच संपतो आणि पीएच घसरत ६ च्या आसपास जातो. इतक्या आम्ल पाण्यात जिवाणूंचं काम जवळपास थांबतं आणि अमोनिया साठायला लागतो.

पण मासे जिवंत असतात! कारण आम्ल पाण्यात अमोनिया अमोनियम या रूपात राहतो, आणि ते रूप फार कमी विषारी असतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. आता या टाकीत पीएच ७.८ चं ताजं पाणी निम्मं घातलं की अमोनियाचं एकूण प्रमाण कमी होऊनही विषारी रूप एकदम वाढतं. चांगलं, स्वच्छ पाणी घातलं म्हणूनच मासे मेले असं डोळ्यांना दिसतं, आणि लोक पुढे पाणी बदलायचंच सोडून देतात.

ओळखायचं कसं? टाकीचा पीएच आणि बादलीचा पीएच, दोन्ही मोजा. फरक ०.५ पेक्षा जास्त असेल तर एकदम निम्मं पाणी बदलू नका. रोज दहा टक्के, अगदी हळू, आठ-दहा दिवस. खाणं अर्ध्यावर आणा. त्यानंतर केएच टिकवायला फिल्टरमध्ये समुद्रफेसाचा तुकडा ठेवा. आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो, आणि पोपट पाळणाऱ्यांकडेही असतो. तो सावकाश विरघळतो, त्यामुळे पीएच एकदम उडी मारत नाही. खाण्याच्या सोड्यानेही केएच वाढतो, पण तो झटक्यात वाढतो आणि साठलेला अमोनिया असलेल्या टाकीत तेच नको आहे.

त्याच रात्री किंवा पहाटे

दिवसभर ठीक, पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर. हा ऑक्सिजनचा प्रश्न. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६. त्यात साफसफाईत तळातली घाण ढवळली गेलेली, झाडं रात्री ऑक्सिजनच वापरतात, आणि लाईट गेली की पंप बंद. खोल बोअरमधून थेट काढलेल्या पाण्यातही ऑक्सिजन कमी असतो, ते आधी बादलीत हवा सोडून घ्यावं लागतं. फायटर मासा वरून हवा घेऊ शकतो, त्यामुळे तो एकटाच शाबूत आणि बाकीचे गेलेले असतील तर निदान जवळपास पक्कं समजा.

दुसऱ्या ते पाचव्या दिवशी

माझ्या मते घरातल्या टाक्यांमधले सर्वांत जास्त मासे या कारणाने जातात, आणि ते प्रेमापोटी होतं. मुलगा किंवा मुलगी रविवारी सकाळी उत्साहाने कामाला लागते. मासे बादलीत, टाकी मोरीत. खडे चाळणीत घेऊन नळाखाली खळखळून धुतले जातात. काच घासून लख्ख. स्पंज फिल्टर पिळून पिळून पांढरा होईपर्यंत धुतला जातो. नवीन पाणी भरलं की टाकी इतकी सुंदर दिसते की घरातले सगळे बघायला येतात. मंगळवारी एक मोली कोपऱ्यात अंग आखडून डुलते. बुधवारी मासे वर. गुरुवारी दोन मेलेले.

अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त त्या तपकिरी, बुळबुळीत स्पंजमध्ये चिकटलेले असतात. क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज धुतला की टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर जाते. मासे मात्र तेवढेच, खाणं तेवढंच. दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो, कल्ले लाल होतात. तिथून मासे वाचले तर पुढच्या दोन आठवड्यांत नायट्राइट चढतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही, कल्ले लालऐवजी तपकिरी दिसायला लागतात आणि भरपूर हवा सोडलेली असूनही मासा धापा टाकतो. जिवाणूंची वस्ती पूर्ववत व्हायला आपल्याकडच्या तापमानात चार ते सहा आठवडे लागतात. एवढ्यात पुढचा रविवार येतो, मासे मेले म्हणून टाकी 'घाण झाली' असं ठरतं आणि पुन्हा सगळं धुतलं जातं. महिन्यामागून महिने हेच फिरत राहतं.

हे इथेच तोडायचं. खडे कधीही बाहेर काढायचे नाहीत. सायफनच्या नळीने तळातली घाण ओढून घ्यायची, तीही एका वेळी अर्ध्याच तळाची. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबायचा, बस. तो तपकिरीच राहायला हवा. दोन स्पंज असतील तर एक या महिन्यात, दुसरा पुढच्या. काचेवरचं शेवाळ समोरच्या बाजूचंच पुसा, मागचं श्रिंप आणि गोगलगायींसाठी सोडा.

आणि आत्ता तुम्ही या चक्रात अडकलेले असाल तर? दोन दिवस खाणं पूर्ण बंद, मग दिवसाआड चिमूटभर. मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो, पिल्लांना मात्र थोडं थोडं द्या. रोज पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन मारूनच. एखाद्या मित्राच्या चांगल्या चालू टाकीतला मळका स्पंज मागून आणा आणि तुमच्या फिल्टरशेजारी ठेवा. बाटलीतल्या कुठल्याही बॅक्टेरियापेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे. फक्त ती टाकी रोगमुक्त असावी, आणि स्पंज वाटेत सुकू नये. नायट्राइट चढलं असेल तर दर १० लिटरला १ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट पाव चमचा, विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. एवढं मीठ चेरी श्रिंपनाही चालतं. निळं औषध इथे उलटं पडतं, कारण मेथिलिन ब्ल्यू उरल्यासुरल्या जिवाणूंनाही दाबतं.

टाकी लहान असेल तर हे सगळं दुप्पट वेगाने होतं. पाच लिटरच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश कोणत्याही उपायाने टिकणार नाहीत. ते भांडं गोगलगायी आणि एखाद्या झाडासाठी ठेवा, मासे साठ-सत्तर लिटरच्या काचपेटीत हलवा.

मासे ठणठणीत, पण श्रिंप आणि गोगलगायी मरतात

अपृष्ठवंशी जीव जमवणाऱ्यांची तक्रार ही. मासे आनंदात आहेत, म्हणजे पाणी चांगलं आहे, मग श्रिंपच का? कारण त्यांच्यासाठी विषाची यादी वेगळी आहे.

तांबं पहिलं. मासा जेवढं तांबं सहन करतो त्याच्या अंशानेही श्रिंप आणि गोगलगाय मरतात. माशांच्या काही औषधांत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट असतं. लेबल वाचा, 'गोगलगायी मारतं' असं लिहिलं असेल तर ते श्रिंपनाही मारणार. रात्रभर तांब्याच्या हंड्यात राहिलेलं किंवा बंबात तापलेलं पाणी, तांब्याच्या कॉइलच्या गीझरचं पाणी, ही घरातली उगमस्थानं. म्हणूनच गरम पाणी स्टीलच्या पातेल्यात करून मिसळा.

दुसरं, डासांचं औषध. श्रिंप हे किड्यांचे दूरचे नातलग, आणि पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं त्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतात. मासेही त्यातून सुटत नाहीत, पण श्रिंप आधी जातात. खोलीत लिक्विड मशीन चालू असतं आणि टाकीचा एअर पंप तीच हवा ओढून पाण्यात बुडबुड्यांवाटे सोडत असतो. पंप शेजारच्या खोलीत किंवा खिडकीजवळ ठेवून नळी लांब करा. गल्लीत धुराची फवारणी करणारी गाडी आली की खिडक्या बंद, पंप बंद, टाकीवर ओलं जाड फडकं. तासाभराने फडकं काढा, पंप सुरू करा. पाळलेल्या कुत्र्याला गोचिडीचं औषध लावलेल्या हाताने टाकीत हात घालू नका.

तिसरं कारण कात टाकण्याचं, आणि इथे जरा जवळून बघू. चेरी श्रिंप वाढताना दर काही आठवड्यांनी कात टाकतो. डोकं आणि पोट यांच्या सांध्याजवळ, पाठीवर, कवच आडवं उकलतं आणि श्रिंप एका झटक्यात मागे उडी मारून त्यातून सुटतो. मागे राहतं ते मिशांसकट, पायांसकट, डोळ्यांच्या आवरणासकट पूर्ण पारदर्शक कवच. बरेच नवखे ते मेलेला श्रिंप समजून काढून टाकतात. मेलेला श्रिंप गुलाबी आणि अपारदर्शक होतो, उकडलेल्या कोळंबीसारखा. कात मात्र काचेसारखी आरपार असते. ती टाकीतच राहू द्या, श्रिंप ती खातात, त्यातला कॅल्शियम परत मिळतो.

पाणी एकदम मोठ्या प्रमाणात बदललं, विशेषतः क्षारांचं प्रमाण वेगळं असलेलं, तर श्रिंप तयारी नसताना कात टाकायला लागतो. कवच फक्त पाठीवर उकलण्याऐवजी कमरेभोवती पूर्ण गोल फाटतं, तिथे पांढरी कडी दिसते आणि श्रिंपला त्यातून बाहेर पडता येत नाही. अशी कडी दिसलेला श्रिंप क्वचितच वाचतो. एकापाठोपाठ दोघां-तिघांना कडी दिसली तर दोन गोष्टी तपासा. तुम्ही आरओचं पाणी तसंच वापरता का? त्यात कवच बांधायला क्षारच नसतात. की आठवड्याला पाव-अर्धी टाकी बदलता? साधं टीडीएस मीटर घ्या, पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते त्यावर कळतं. टाकीचा आकडा आणि बादलीचा आकडा यांत फार तफावत नको. टीडीएस नेमकं कॅल्शियम सांगत नाही, पण धक्का बसणार की नाही ते सांगतं. आठवड्याला दहा टक्के पाणी, एअर पंपाच्या नळीला गाठ मारून थेंब थेंब सोडलेलं, एवढंच करा. तीस अंशांच्या वर पाणी गेलं की चेरी श्रिंप थकतात, त्यामुळे उन्हाळ्यात टाकीचं झाकण काढून छोटा पंखा पृष्ठभागावर लावा. दोन-तीन अंशांचा फरक नक्की पडतो.

पाणी बदलल्यावर श्रिंप टाकीभर वेगाने पोहायला लागले की घाबरायचं का? सगळेच, लहानमोठे, वर-खाली भरकटत असतील तर हो, लगेच हायपो टाका आणि डासांचं मशीन बंद करा. पण ताज्या पाण्यामुळे एखादी मादी कात टाकते, तिच्या गंधाने फक्त नर तिला शोधत फिरतात आणि बाकीचे शांतपणे शेवाळ खात बसलेले असतात. असं असेल तर घाबरू नका. काही तासांत हे थांबतं, आणि पुढे मादीच्या पोटाखाली अंडी दिसतात.

गोगलगायींकडून आगाऊ सूचना

टाकीत लांबुळक्या शंकूसारख्या शंखाच्या छोट्या गोगलगायी असतील तर त्यांना मारू नका. मेलानॉइड्स नावाची ही जात आपल्या नद्या-ओढ्यांतही राहते. दिवसा या गोगलगायी खड्यांत दडून असतात आणि अंधार पडला की बाहेर येतात. भर दिवसा सगळ्या काचेवर चढून पाण्याच्या रेषेपाशी जमल्या तर खाली काहीतरी बिनसलंय. ऑक्सिजन कमी असेल किंवा अमोनिया चढला असेल. मासे वर यायच्या कितीतरी आधी हे दिसतं. मी कुणाच्याही टाकीचा फोटो मागवतो तेव्हा आधी गोगलगायी कुठे आहेत ते बघतो. त्यांची संख्या फार वाढली तर त्याचा अर्थ एकच, खाणं जास्त पडतंय.

तळ्यातून, ओढ्यातून आणलेले जीव

जमवण्याची आवड असलेल्यांना हे सांगायलाच हवं, कारण 'पाणी बदललं आणि गप्पीची पिल्लं गायब झाली' ही तक्रारही अनेकदा पाण्याची नसते. डबक्यातलं झाड किंवा शेवाळ टाकीत आलं की त्याबरोबर चतुराची अळी येते. ती चिखलाच्या रंगाची, चपटी, झाडाच्या बुंध्याशी तासन्‌तास निश्चल बसते. तिचा खालचा ओठ घडी घालून डोक्याखाली दुमडलेला असतो. पिल्लू टप्प्यात आलं की तो पुढे झेपावतो आणि टोकाच्या आकड्यांत पकडून मागे येतो. डोळ्याला फक्त पिल्लू नाहीसं झालेलं दिसतं. पाणविंचूही तसाच. या जीवांना मारायचं नाही, त्यांच्यासाठी वेगळी बरणी करायची. चतुराच्या अळीला पाण्याबाहेर येणारी एक काडी द्या. ती एका रात्री काडीवर चढते, पाठ उकलते आणि चतुर बाहेर येतो. हे एकदा बघितलेलं मूल पुढे किडे बघायचं थांबत नाही. बाहेरचं झाड मात्र आधी पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात दोन-तीन दिवस ठेवून, रोज पाणी बदलून, मगच टाकीत.

बरणीतले जीव मरण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं जे टाकीत असतं: ओढ्याचं पाणी टाकून नळाचं भरणं. ज्या पाण्यातून जीव आणला तेच पाणी दोन लिटर सोबत आणा. एका बरणीत एक शिकारी. उन्हात ठेवू नका.

समुद्रकिनाऱ्यावरून काहीच घरी आणू नका असं मी स्पष्ट सांगेन. शंखातला खेकडा घरच्या बादलीत काही दिवसांत मरतो. पाणी आटून खारेपणा वाढतो, पाणी तापतं, आणि भरती-ओहोटी घरात देता येत नाही. प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकडी यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळही उचलायचा नाही. ओहोटीला खडकांवर जा, वही आणि फोन घेऊन. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'चे लोक २०१७ पासून किनाऱ्यावर फेऱ्या काढतात, त्यात नवख्यांना हाजी अली किंवा जुहूच्या खडकांत काय काय राहतं ते प्रत्यक्ष दाखवतात.

उलट दिशेनेही तेच. टाकीत मावेनासा झालेला सकर मासा (तोंडाने काचेला चिकटून राहणारा) नदीत, धरणात सोडू नका. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात आता तो येतो, जाळी फाडतो आणि बाजारात विकला जात नाही. दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या.

सगळेच मेले असतील तर

टाकी रिकामी करून धुऊ नका. मेलेले जीव काढा, निम्मं पाणी बदला आणि फिल्टर चालूच ठेवा. मासे नसले तरी दर दोन दिवसांनी पिठाएवढी बारीक केलेली माशांच्या खाण्याची चिमूट टाका, ती कुजून जिवाणूंना अमोनिया मिळेल. आठवड्याने अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही सलग काही दिवस शून्य आले की आधी दोन-तीन गोगलगायी सोडा. त्या आठवडाभर दिवसा शांत राहिल्या की चार-पाच गप्पी. श्रिंप सगळ्यात शेवटी, मागच्या काचेवर हिरवं-तपकिरी शेवाळ नीट धरल्यावर. एखादा मासा आजारानेच मेला असेल, अंगावर ठिपके किंवा कापसासारखी बुरशी दिसली असेल, तर नवे मासे आणायच्या आधी टाकी माशांविना महिनाभर तशीच चालू द्या. पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीला मासा मिळाला नाही तर आपल्याकडच्या उबदार पाण्यात तो तेवढ्या काळात संपतो.